प्रवाशाचा आवाज आणि उरणची गाडी

१२ जानेवारी २०२४ या दिवशी नवी मुंबईत दोन मार्ग खुले झाले. शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू हा त्यांपैकी एक. खारकोपर ते उरण हा उपनगरी लोहमार्ग हा दुसरा. वृत्तपत्रांचे मथळे स्वाभाविकपणेच सेतूच्या वाट्याला गेले. उरणकरांनी वर्षानुवर्षे ज्या गाडीची वाट पाहिली, तिच्या मात्र दोन्ही दिशा मिळून दिवसाला अवघ्या ४० फेऱ्या ठेवण्यात आल्या. म्हणजे उरणहून सुटणाऱ्या गाड्या दिवसभरात वीस. एक गाडी चुकली की जवळजवळ तासाची खोटी!

नवी मुंबईला हा अनुभव नवा नाही. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. मानखुर्दहून वाशीला पहिली लोकल आली ती १९९२ मध्ये. पनवेलला लोकल पोहोचण्यास १९९८ आणि ठाणे-वाशी जोडली जाण्यास २००४ साल उजाडले. शहर आधी वसवायचे आणि गाडी मागाहून आणायची, असा हा क्रम आहे. वास्तविक या लोहमार्गांच्या खर्चाचा सुमारे दोनतृतीयांश वाटा सिडकोने उचलला, आणि सिडकोचे उत्पन्न मुख्यतः भूखंडांच्या विक्रीतून येते. तेव्हा घराच्या किमतीत गाडीचे मोलही रहिवाशाने मोजलेले आहे. तो जे मागतो ती कृपा नव्हे. आधीच किंमत चुकविलेली वस्तू आहे.

मग सेवा सुधारण्यास इतका विलंब का लागतो? सिडकोच्या स्थापनेच्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांचा एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नायजेरियातील रेल्वेला मालमोटारींची स्पर्धा असूनही तिचा कारभार सुधारत का नाही, या प्रश्नातून त्यांचे विवेचन सुरू झाले होते. त्यांचे उत्तर मार्मिक होते. ज्या ग्राहकांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती, तेच मालमोटारींकडे निघून गेले. आणि तूट भरून काढण्यास सरकारी तिजोरी समर्थ असल्यामुळे त्यांच्या जाण्याची रेल्वेला झळ लागली नाही. सेवा सोडून जाणे आणि सेवेत राहून आवाज उठविणे, असे दोन मार्ग ग्राहकापुढे असतात. पहिला सोपा झाला की दुसरा दुबळा होतो.

अटल सेतूवर मोटारीच्या एका फेरीचा टोल आरंभी २५० रुपये ठरविण्यात आला. ज्याला तो परवडतो, त्याच्यापुरता प्रश्न सुटला. मागे उरतात ते कारकून, शिक्षक, विद्यार्थी आणि बंदर परिसरातील कामगार. त्यांना गाडी सोडता येत नाही; म्हणून आवाज उठविण्याचे कामही त्यांच्यावरच येते. त्यातही अडचण अशी की, फेऱ्या वाढल्या तर लाभ सर्वांचा. निवेदने लिहिण्याचे, सह्या गोळा करण्याचे, माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याचे आणि रजा टाकून अधिकाऱ्यांना भेटण्याचे कष्ट मात्र दोघाचौघांचे. डब्यातील सहप्रवासी अशा माणसाला रिकामटेकडा समजतात आणि वाढीव गाडी आली की तिच्यात सर्वांआधी जागा पकडतात.

‘प्रवासीच कमी, मग गाड्या कशाला?’ हा प्रशासनाचा युक्तिवाद वरवर पटणारा आहे. पण तासाला एक गाडी असेल, तर वेळ न पाहता आलेल्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावे लागते; पंधरा मिनिटांना एक असेल, तर साडेसात मिनिटे. अर्धा तास थांबण्यापेक्षा लोक बस किंवा रिक्षा पकडतात, आणि मग गाडी रिकामी असल्याचा पुरावा तयार होतो. कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल आहे. गाड्यांचे संच मर्यादित आहेत, हार्बरवर जलद मार्ग नाही, या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्यांचा ताळेबंद प्रवाशांपुढे मांडला गेला पाहिजे.

आवाजाचा उपयोग होतो, याला दाखले आहेत. ठाणे-वाशी मार्गावरील दिघा गाव स्थानक बांधून तयार असूनही कित्येक महिने उद्घाटनाची वाट पाहत होते. त्याविरुद्ध आंदोलने झाली. अखेर तेही १२ जानेवारीलाच खुले झाले. उरण मार्गावर फेऱ्या वाढविण्याची मागणी सतत होत राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये तेथे दहा फेऱ्यांची भर पडली आणि तरघर व गव्हाण या स्थानकांवर गाड्या थांबू लागल्या. प्रवाशांची निकड मोठी आहे, त्या मानाने हे यश लहान आहे. पण ते आपोआप मिळालेले नाही.

यापुढे स्थानकवार आणि वेळवार प्रवासीसंख्या नियमितपणे प्रसिद्ध व्हावी आणि सल्लागार समित्यांवर रोज गाडीने जाणारी माणसे असावीत. आकडे हाती असले की निवेदनाला वजन येते. प्रवाशांकडूनही एक अपेक्षा आहे. निवेदनाचा कागद पुढे येईल, तेव्हा खिडकीबाहेर पाहू नये, सही करावी. दोघाचौघांच्या खांद्यावरील भार तेवढ्यानेही हलका होतो.