माहेरी आलेली ‘वहाली’

वेरावळ-मांगरोळच्या खारव्यांना हा मासा पूर्वी ‘बॅरल’ या नावाने ठाऊक होता. मोठ्या गळाला रिकामी पिंपे बांधून त्याला दमवीत आणि मग किनाऱ्याला ओढून आणीत, म्हणून हे नाव. हा व्हेल शार्क, जगातील सर्वांत मोठा मासा. देह चाळीस फुटांचा, आहार मात्र सूक्ष्म प्लवक व बारीक मासळीचा. माणसाला त्याच्यापासून भय नाही. पूर्वी त्याच्या यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला चोपडीत. पुढे परदेशी बाजारात मांसाला भाव आला आणि हे मासे शेकड्यांनी कापले जाऊ लागले.

माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही कत्तल जगापुढे आणली. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, त्याला स्थान मिळाले. पण भर समुद्रात पहारा कोण देणार?

२००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी निराळी वाट धरली. मोरारीबापूंनी खारव्यांना समजावले, की ही तर बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. तिचे नाव ‘वहाली’, म्हणजे लाडकी, असे रूढ झाले. तेव्हापासून ज्यांनी हे मासे मारले, त्याच हातांनी नऊशेहून अधिक मासे जाळी कापून सोडून दिले आहेत.

बँकेत असताना मी मच्छीमारांची कर्जप्रकरणे हाताळली आहेत. तारण होडीचे असते, पण घर चालते ते जाळ्यावर. कापलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरली. मात्र त्या दिवसाची बुडालेली मासळी आणि जाळलेले डिझेल कोणत्याच रकान्यात बसत नाही. हा तोटा खारवी स्वतःच्या नावे मांडतो. आपण व्यापारी मंडळी, त्याचे मोल आपल्याला वेगळे सांगायला नको.

तैवानजवळ १९९५ मध्ये सापडलेल्या एका मादीच्या पोटात तीनशे पिल्ले होती. पण वयात यायला या माशाला दोन-तीन दशके लागतात, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. शिवाय तो हजारो मैल फिरतो, त्याला देशांच्या सीमा ठाऊक नाहीत. म्हणून २०१७ मध्ये स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव घालण्यात आले.

महाराष्ट्रानेही २०१८ च्या अखेरीस अशीच भरपाई सुरू केली. अर्जासोबत सुटकेचे छायाचित्र जोडावे लागते. तेव्हा हलत्या होडीत आपल्या कोळीबांधवाच्या एका हातात सुरी असते आणि दुसऱ्या हातात मोबाईल.