ग्रास कटरचा कार्बोरेटर: बदलण्याआधी आणि बदलताना



पाऊस ओसरला की बांधावरचं, आंबा-काजूच्या बागेतलं गवत कंबरेला लागतं. त्यासाठी काही बचत गटांनी पेट्रोलवरचा ग्रास कटर घेतला आहे. घरच्या कामाला होतो आणि भाड्यानंही देता येतो. पण गवत कापायचे दिवस मोजकेच. त्यातच मशीन बंद पडलं, तर भाडं बुडतं आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी "कार्बोरेटर गेला, नवा टाका" असं ऐकायला मिळतं. तो खरंच गेलाय का, आणि नवा घ्यायचा तर कोणता, हे आज समजून घेऊ.

कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल ठरलेल्या प्रमाणात मिसळून इंजिनाला देतो. कणकेत पाणी कमी-जास्त झालं की पोळी बिघडते, तसंच हे प्रमाण. ग्रास कटर तिरका धरून चालवतात, म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. टाकीत जुनं पेट्रोल राहिलं की आत चिकट थर बसतो आणि पडदा कडक होतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं.

म्हणून आधी स्वस्त गोष्टी बघा. ताजं पेट्रोल भरा. टाकीतली पेट्रोलची गाळणी आणि एअर फिल्टर साफ करा. प्लग काढून पुसा. पेट्रोलची नळी कुठे चिरली आहे का ते पाहा. चोक लावल्यावर मशीन चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, याचा अर्थ बहुतेक वेळा पेट्रोल कमी पोचतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. अशा वेळी कार्बोरेटर साफ करून घ्या. पडदे आणि गॅसकेट यांचं रिपेअर किट मिळत असेल, तर तेवढ्यावरही काम भागतं. आतला धातू गंजला असेल, स्क्रूचे आटे गेले असतील किंवा झडपेचा दांडा खिळखिळा झाला असेल, तर मात्र नवा घ्या.

नवा घेताना नुसतं "ग्रास कटरचा द्या" म्हणू नका. इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, किती सीसीचं आणि त्यावरचा नंबर काय, हे लिहून न्या. जुन्या कार्बोरेटरवर कोरलेला नंबरही लिहा. आणि जुना सोबत न्याच. दोन्ही शेजारी ठेवून हे ताडून बघा:

१. बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर.
२. हवा जाते त्या मधल्या भोकाची रुंदी.
३. पेट्रोलच्या नळ्यांची तोंडं किती आणि कोणत्या बाजूला.
४. रेसची केबल कुठून येते, चोकचा खटका कुठे आहे.
५. इंजिनाकडच्या बाजूचं बारीक भोक. बऱ्याच टू-स्ट्रोक मशीनांत याच वाटेनं आतल्या पंपाला दाब मिळतो. गॅसकेट उलटं बसून ते झाकलं गेलं, तर नवा कार्बोरेटरही पेट्रोल ओढणार नाही.

"बसतोय ना, मग चालेल" हे मान्य करू नका. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच इंजिनात जातं. चुकीच्या कार्बोरेटरनं पेट्रोल कमी दिलं, तर ऑइलही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. तो खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट असतो. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेच ठेवा. २५ ला १ लिहिलं असेल, तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही.

नवा बसवल्यावर एक गोष्ट तिथेच तपासा. मशीन चालू करून रेस पूर्ण सोडा. पातं फिरत राहिलं, तर मशीन घरी नेऊ नका. पायाला धोका आहे. आयडल स्क्रू लावून पातं थांबलं पाहिजे.

हंगाम संपला की टाकी मोकळी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपेल. हे काम चुलीपासून लांब, मोकळ्या हवेत करा. इंजिनाचा आणि कार्बोरेटरचा नंबर गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा. मशीन दुकानात कुणीही नेलं, तरी तिच्या हातात तो कागद असू द्या.