एक बाण, दोन बाण

१९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात कामगाराचे वर्ष साधारणतः २४० दिवसांच्या हजेरीवर धरत असत. कोल्हापुरातल्या एखाद्या कारखान्याचा हजेरीपट लिनक्सच्या संगणकात असेल, तर एकाच कामगाराच्या ओळी ‘ग्रेप’ ही आज्ञा वेचून देते. १९७३ च्या सुमारास केन टॉम्प्सन यांनी ती रचली.

उत्तर पडद्यावर येते. आज्ञेपुढे एक बाण (>) व फाइलीचे नाव लिहिले, की ते फाइलीत उतरते; पण तिथला जुना मजकूर पुसून! दोन बाण (>>) लिहिले, तर जुन्याखाली जोडले जाते. एका बाणाच्या चुकीने मागल्या महिन्यांची हजेरी जाते.

आणखी एक. ‘पाटील’ शोधताना ‘पाटिल’ सापडत नाही; म्हणून दोन्ही शोधा. यंत्र अक्षर ओळखते. माणूस आपण ओळखायचा.