काळोखाच्या प्रदेशाची ओळख

बेलवलीस पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं संध्याकाळीं पांच जण एका मेजाभोंवतीं बसले आहेत असें मानावें. मेजावर पट नाहीं, सोंगट्या नाहींत. कोरे कागद, पेन्सिली आणि दोन फांसे एवढेंच साहित्य आहे. पांचांपैकीं एक जण बोलूं लागतो : "सूर्य मावळला आहे. नदीचें पाणी घाटाच्या वरच्या पायरीला लागलें आहे. पैलतीरावर कोणी तरी दिवा हलवीत आहे. तुम्ही काय करतां?" एक जण म्हणतो, "मी हांक मारतों." शेजारची मुलगी त्याला अडविते : "काका, थांबा. या वेळीं नांव घेऊन हांक मारूं नये." खेळास प्रारंभ झाला आहे.

या खेळास भूमिकाखेळ म्हणतां येईल. त्यांत एक जण सूत्रधार होतो. प्रदेश कसा आहे, कोण भेटतें, काय घडतें, हें तो सांगतो. इतर प्रत्येक जण एकेक पात्र पत्करतो आणि त्या पात्राच्या वतीनें बोलतो. एखादी कृति साधेल कीं फसेल हें अनिश्चित असेल तेव्हां फांसे टाकावयाचे. एकच कथा अनेक बैठकींतून, कधीं कधीं वर्षभरहि, चालते. शेवटीं कोणी जिंकत नाहीं व कोणी हरत नाहीं. सर्वांनीं मिळून एक कथा रचलेली असते, आणि ती पुढें कशी जाणार हें सूत्रधारासहि आधीं ठाऊक नसतें.

असा खेळ छापील स्वरूपांत प्रथम १९७४ मध्यें अमेरिकेंत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेल्या त्या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्याचें मूळ युद्धखेळांत सांपडतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रशियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांना नकाशावर लढाया खेळावयास लावीत, आणि कोणाची सरशी झाली तें पंच ठरवी. पुढें १९१३ मध्यें एच. जी. वेल्स या कादंबरीकारानें खेळण्यांतल्या शिपायांच्या लढायांचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकांत घरगुती रंजनासाठीं लिहिले. या परंपरेंत सैन्याच्या जागीं एकेक माणूस आला, तेव्हां भूमिकाखेळ जन्मास आला.

महाराष्ट्रास ही कल्पना अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं. दक्षिण कोंकणांतील दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. त्या रात्रीं कोणतें आख्यान लावावयाचें हें ठरतें, नटांना रंगपटांत कथेचा सांगाडा सांगितला जातो, आणि संवाद ते रंगभूमीवर उभ्या उभ्या रचतात. भूमिकाखेळांतील सूत्रधाराचें काम पुष्कळसें असेंच आहे. भेद इतकाच कीं, येथें प्रेक्षक नसतो. जे खेळतात तेच ऐकतात.

या खेळांची एक शाखा काळोखी अद्भुताची आहे. साध्या अद्भुतकथेंत वीर राक्षसास मारतो आणि राज्य सुखी होतें. काळोखी कथेंत दुष्ट शक्ति बलवान्, माणूस दुबळा, आणि मिळालेल्या प्रत्येक यशाला कांहीं किंमत असते. १९८१ सालच्या 'कॉल ऑफ क्थुल्हू' या खेळांत पात्राच्या मनःस्वास्थ्याचा आंकडा कागदावर लिहिलेला असतो आणि भयानक गोष्ट पाहिली कीं तो उतरूं शकतो. १९८३ मध्यें ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें रचलेल्या 'रेव्हनलॉफ्ट' या प्रकरणांत धुक्यानें वेढलेला एक किल्ला असून त्याचा रक्तपिपासु सरदार स्वतःच्या पातकाच्या स्मृतींत अडकून पडलेला आहे. अशा प्रदेशांत नव्या खेळाडूंना प्रथम आणावयाचें कसें, हा सूत्रधारापुढील खरा प्रश्न होय.

बहुतेक सूत्रधार येथेंच चुकतात. महिनाभर खपून त्यांनीं नकाशा काढलेला असतो, राजवंशांच्या याद्या केलेल्या असतात, पिशाच्चांच्या बावीस जाति कल्पिलेल्या असतात. पहिल्या बैठकींत तें सर्व वाचून दाखविण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. श्रोते अर्ध्या तासांत जांभया देऊं लागतात. माहितीनें भय उपजत नाहीं. रस्ता चुकल्याचें भय त्यालाच वाटतें, ज्याला रस्ता ठाऊक होता. म्हणून काळोखाचा प्रदेश दाखवावयाचा तर आधीं पायांखालची ओळखीची जमीन दाखविली पाहिजे.

बेलवलीच्या मंडळींना ही जमीन दूर शोधावी लागत नाहीं. बदलापुरास उल्हास नदी आहे. क्षितिजावर चंदेरीचा सुळका असून त्या किल्ल्याच्या कड्यांत गुहा आहे. थोड्या अंतरावर अंबरनाथास शिलाहारांच्या काळचें शिवमंदिर आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून मंदिराचा गाभारा मंडपाहून खोल आहे आणि पायऱ्या उतरून तेथें जावें लागतें. यांत सूत्रधारानें एकच बदल करावा : लोहमार्ग काढून टाकावा. कल्याणहून खोपोलीकडे १८५६ मध्यें आगगाडी धांवूं लागली. ती कधीं आलीच नाहीं असें मानलें कीं परिचित गांव एकदम एकाकी होतें. कल्याण ही एका दिवसाची वाट होते. रात्रीं दिसणारा प्रत्येक दिवा कोणाचा, हें विचारावें लागतें. गांवास थोडें निराळें नांव द्यावें, उदाहरणार्थ बेलवण, म्हणजे खरें गांव आणि खेळांतील गांव यांची गल्लत होणार नाहीं.

आतां या प्रदेशांतील भयाचीं रूपें. त्यांसाठीं परदेशी रक्तपिपासूंकडे जाण्याचें प्रयोजन नाहीं. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनीं लोकसमजुतींची पुष्कळ सामग्री जमविली होती. १९०९ मध्यें त्यांचा वध झाल्यावर आर. ई. एन्थोवेन यांनीं ती संपादित केली, आणि १९१५ मध्यें कोंकणच्या लोकसमजुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत वेताळ, मुंजा, समंध, देवचार, गिऱ्हा, हडळ अशीं कोंकणांतील पिशाच्चें नांवनिशीवार आढळतात. यादी मोठी आहे. परंतु ती लक्षपूर्वक पाहिली तर एक गोष्ट ध्यानांत येते. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नापूर्वीं मेलेला मुलगा; त्याचें स्थान पिंपळावर. अलवंतीण म्हणजे बाळंतपणांत मेलेली स्त्री. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेला मनुष्य. त्याचा अधिकार पाण्यापुरता. समंध म्हणजे ज्याची वासना उरली, किंवा ज्याच्यामागें पिंड देणारें कोणी उरलें नाहीं तो. यांपैकीं प्रत्येकाला एक जागा आहे आणि प्रत्येकाचें कांहीं तरी अपुरें राहिलें आहे. गांवानें ज्या मरणांची भरपाई केली नाहीं, त्यांचीच ही नोंदवही आहे.

सूत्रधारानें खेळाडूंना ओळख करून द्यावयाची ती या अपुरेपणाची. पिशाच्चाच्या नखांची लांबी सांगून कांहीं साधत नाहीं. राक्षस पुढें आला कीं खेळाडू विचारतात, "याला मारावयाचें कसें?" परंतु प्रत्येक भुतामागें एक अपुरी गोष्ट आहे एवढें पहिल्याच दिवशीं कळलें, कीं प्रश्न बदलतो : "याचें काय राहिलें आहे, आणि तें कोणामुळें राहिलें?" दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां जिवंत माणसांच्या घरांत सांपडतें. काळोखी कथेचा सारा कस येथें लागतो.

फांशांचे नियमहि या प्रदेशास शोभणारे असावेत. दोन साधे फांसे टाकून बेरीज करावी. दहा किंवा अधिक आल्यास कार्य पूर्ण साधलें; सात, आठ किंवा नऊ आल्यास साधलें, परंतु कांहीं गमवावें लागलें; सहा किंवा कमी आल्यास संकट वाढलें. अशी विभागणी २०१० मध्यें निघालेल्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळानें रूढ केली. दोन फांशांचे छत्तीस संभव असतात. त्यांपैकीं पूर्ण यशाचे सहा, मूल्य देऊन मिळणाऱ्या यशाचे पंधरा आणि अपयशाचे पंधरा. म्हणजे निर्भेळ यश सहांतून एकदां. ज्या पात्रानें त्या जागेची हकीकत आधीं विचारून घेतली असेल त्याच्या बेरजेंत एक मिळवावा. मग पूर्ण यशाचे संभव दहा होतात आणि अपयशाचेहि दहाच उरतात. तलवारीपेक्षां चौकशी अधिक उपयोगी, हें खेळाडू व्याख्यानाशिवाय शिकतात.

एवढी तयारी झाली कीं प्रत्यक्ष परिचयाचें भाषण दोन मिनिटांचें पुरे. त्याचा मासला असा :

"तुम्ही बेलवणांत राहतां. सूर्यास्तानंतर येथें होडी सुटत नाहीं. तीन वर्षांपूर्वीं एका रात्रीं नावाडी एका प्रवाशाला पैलतीरीं पोंचवावयास गेला, आणि पहांटे होडी एकटीच परत आली. मध्यरात्रीं नदीवरून हांक आली होती. ती साऱ्या गांवानें ऐकली. कोणीहि दार उघडलें नाहीं. तुम्हींहि ती ऐकली होती. आज अमावास्या आहे, आणि पैलतीरावर पुनः दिवा हालतो आहे."

यानंतर सूत्रधारानें प्रत्येकाकडे वळून एकच प्रश्न विचारावा. "काका, तुम्हीं त्या रात्रीं दार कां उघडलें नाहीं?" एक म्हणेल, घरांत तान्हें मूल होतें. दुसरी म्हणेल, मीं उठून कडी काढली होती, परंतु सासूबाईंनीं हात धरला. तिसरा म्हणेल, नावाड्याचें माझ्याकडे देणें होतें. तो बुडाला तर बरें, असें क्षणभर वाटलें. या तीन उत्तरांनंतर नकाशाची किंवा वंशावळीची आवश्यकता उरत नाहीं. खेळाडू प्रदेशांत शिरले आहेत, आणि गिऱ्हा दिसण्यापूर्वींच त्यांना त्याचें भय वाटूं लागलें आहे, कारण त्याचें गाऱ्हाणें खरें आहे.

मात्र हें भाषण करण्यापूर्वीं एक गोष्ट अवश्य करावी. खेळाच्या आधींची एक बैठक केवळ बोलण्यासाठीं ठेवावी, आणि कोणतें भय खेळांत नको तें प्रत्येकानें मोकळेपणीं सांगावें. बेलवलीस याचें महत्त्व विशेष आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरांत उल्हासचें पाणी बदलापूरच्या वस्तींत शिरलें होतें. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. मेजाशीं बसलेल्या एखाद्याच्या घरांत त्या पाण्याची खूण भिंतीवर राहिली असेल. त्यानें "पूर नको" म्हटलें तर सूत्रधारानें नदी कोरडी करावी आणि होडीच्या जागीं रानांतली वाट घ्यावी. चकवा तेथेंहि आहे. खेळ चालू असतां कोणास असह्य झालें तर त्यासाठीं मेजाच्या मध्यभागीं फुली काढलेलें एक पत्र ठेवण्याची चाल आहे. त्यास बोट लावलें कीं तो प्रसंग तेथेंच सोडावयाचा. कारण विचारावयाचें नाहीं.

दुसरी मर्यादा याहून कडक आहे. खेळांतील भुताटकीचें बोट कोणा जिवंत माणसाकडे वळतां कामा नये. महाराष्ट्रांत करणी केल्याच्या संशयावरून माणसांचा, विशेषतः एकाकी स्त्रियांचा, छळ झालेला आहे. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा २०१३ मध्यें झाला. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोळकर यांची त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत हत्या झाली. म्हणून बेलवणांतील चेटकीण शेजारच्या खऱ्या आजींसारखी दिसूं नये, आणि खेळांतला मांत्रिक खरा उपाय जाणतो असें लहान मुलांच्या मनांत राहूं नये. उलट, कोणा विधवेवर चेटुकाचा आळ आला आहे आणि खऱ्या अपराध्याला तो सोयीचा आहे, असें प्रकरण सूत्रधारानें मुद्दाम रचावें. तें खेळतांना मुलें आळ कसा रचला जातो हें आंतून पाहतात.

बैठक संपली कीं फांसे डब्यांत जातात, दिवे लागतात, आणि जो तो पुन्हां आपल्या नांवानें बोलूं लागतो. तेव्हां चहा घेतां घेतां सूत्रधारानें एवढेंच विचारावें, कीं पुढच्या रविवारीं नदीवर जावयाचें कीं प्रथम नावाड्याच्या बायकोला भेटावयाचें. त्या मुलीनें "आधीं तिला भेटूं; तीन वर्षांत तिच्याकडे कोणीच गेलेलें नाहीं" असें उत्तर दिलें, तर प्रदेशाची ओळख नीट झाली असें समजावें.