माळवदाचं ओझं, खणाचा आधार

भिंत जितकी जाड तितकं घर भक्कम, असं मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. दोन-अडीच फूट, कुठे कुठे चार फूट रुंदीची दगड-मातीची भिंत आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात या घरांत गारवा असतो, दगड-माती गावातच मिळते, बांधणारे हातही गावचेच. लातूर-धाराशिव भागात अशा घरांची दुरुस्ती हे माझं काम. घरात शिरले की मी भिंतीआधी खांब बघते. ओळंबा लावते, खांबाचं बूड वाळवीने पोखरलंय का ते पाहते, मग मान वर करून तुळईचा सांधा तपासते. घराचा जीव त्या सांध्यात असतो.

या घरांची रचना नीट समजून घ्यायला हवी. दगडी बैठकीवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा आणि त्यावर माती. खांब-तुळयांनी आखलेल्या एका चौकाला खण म्हणतात. घर केवढं हे आजही खणांवरून सांगतात. खणाच्या घरात माळवदाचा भार लाकडी सांगाडा पेलतो, भिंत फक्त आडोसा करते. पैसे कमी असले की मात्र बाजूचे खांब गाळले जात आणि तुळयांची टोकं थेट दगडी भिंतीत रोवली जात. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. आतून मात्र ती पूर्ण वेगळी असतात.

हा फरक 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कळला. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, चारच्या सुमारास, किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता 6.2 च्या आसपास होती, पण केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं आणि माणसं झोपेत होती. हजारो जीव गेले. पुढे 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. पडझडीत एक गोष्ट अनेकांनी पाहिली: कित्येक घरांच्या भिंती ढासळल्या होत्या, पण लाकडी सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन उभा होता. जिथे माळवद भिंतीवरच टेकलेलं होतं, तिथे भिंतीपाठोपाठ तेही खाली आलं.

जाड भिंत का पडली? कारण ती एकसंध नव्हतीच. बाहेरून एक दगडांची रांग, आतून दुसरी, मधल्या पोकळीत चिपा आणि माती. दोन्ही रांगांना जोडणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यांत एकमेकांत गुंतवलेले दगड नाहीत. हादरा बसताच दोन्ही रांगा फाकल्या, भिंतीला पोट आलं आणि दगड घरात कोसळले.

वरून माळवदाचं वजन. एका घरातल्या आजी मला म्हणाल्या होत्या, ‘‘बाई, दरसाल पांढरी माती टाकावीच लागती, न्हाईतर गळतंय.’’ गळती थांबवायला टाकलेली ही माती वर्षानुवर्षं साचते. दीड-दोन फुटांचा थर मी अनेकदा पाहिला आहे. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. घनफुटाला 45 किलो धरले तर पावणेसात टन, तेही कोरडी असताना. जमीन हलते तेव्हा घरावर येणारा आडवा जोर या वजनाच्या प्रमाणात वाढतो. खांब उभा भार छान पेलतो. आडव्या जोराने मात्र खांब-तुळईचा काटकोन मोडतो आणि सैल सांध्यांचा सांगाडा खिळखिळ्या बाजेसारखा एका अंगाला कलतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रम मी ठरवून दिलेला आहे. आधी माती उतरवायची. थर अर्ध्या-पाऊण फुटावर आणायचा आणि त्याखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे दरसाल माती वाढवावी लागत नाही. मग खांब आणि तुळईच्या कोनात दोन्ही दिशांनी तिरके टेकू बोल्टने पक्के करायचे. त्रिकोण झाला की काटकोन मोडत नाही. खांबाचं बूड बैठकीला लोखंडी पट्टीने जखडायचं. शेवटी भिंत. तिच्यात आरपार दगड किंवा सळई घातलेले काँक्रीटचे सांधे बसवायचे. 1993 च्याच भारतीय मानक 13828 मध्ये याचं मोजमाप आहे: उंचीत दर 60 सेंटिमीटरला, आडव्या अंतरात जास्तीत जास्त 1.2 मीटरवर एक आरपार दगड. नवी दगडी भिंत 45 सेंटिमीटरहून जाड नको, असंही तेच मानक सांगतं. त्याशिवाय दारं-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून सलग फिरणारी सळईची काँक्रीट पट्टी हवी. ती मध्येच तोडली तर तिचा उपयोग संपतो.

आता गावोगाव स्लॅबची घरं उभी राहत आहेत. स्लॅब पडला म्हणजे घर सुरक्षित झालं, असं लोक समजतात. पण विटांच्या भिंतींवर सलग पट्टीशिवाय आणि कोपऱ्यांत सळईशिवाय टाकलेला स्लॅब हेही डोक्यावरचं ओझंच. घर बांधताना मिस्त्रीला भिंतीची जाडी विचारता, तसं हेही विचारा: भिंत भिंतीला कशाने बांधली आहे? छत भिंतीला कशाने धरलं आहे? उत्तर हातात सळई धरून दाखवता आलं पाहिजे.

आणि जुनं खणाचं घर पाडायच्या आधी त्याचा सांगाडा एखाद्या जाणकाराला दाखवा. खांब-तुळयांचं सागवान विकत घ्यायला व्यापारी दारात येतात, भाव चांगला मिळतो, म्हणून लोक सगळं मोडून देतात. त्या पहाटे माळवद तोलून धरलं ते याच लाकडाने. माती कमी केली, सांधे बांधले, तर ते पुढच्या पिढीलाही तोलून धरील.