एक मे : एका तारखेच्या पोटात किती गोष्टी!



एक तारीख म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो बचतीचा हप्ता. मग किराणा, दुधाचा हिशेब. पण मे महिन्याची एक तारीख जरा वेगळी. सकाळी शाळेत झेंडावंदन, मग पोरांचा निकाल, हातात पेढा आणि तिथून सुट्टी सुरू. गेल्या बैठकीत आम्ही सगळ्याजणींना विचारलं, “एक मेला नक्की काय झालं होतं?” कुणी म्हणालं महाराष्ट्र दिन, कुणी म्हणालं कामगार दिन. दोन्ही बरोबर. पण या तारखेत आपल्या कामाचं आणखीही बरंच आहे. आज तेच उलगडून बघू.

आधी कामगार दिन, कारण तो जुना. १ मे १८८६ रोजी अमेरिकेतल्या हजारो कामगारांनी संप केला. मागणी एकच, दिवसाला आठच तास काम. शिकागो शहरात त्यानंतर तीन दिवसांनी सभेत बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे १८९० पासून देशोदेशी एक मे पाळला जाऊ लागला. आपल्या देशात मद्रासमध्ये १९२३ साली सिंगारवेलू यांनी पहिल्यांदा हा दिवस साजरा केला.

आपल्याकडेही ही लढाई तेव्हा चालूच होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली, ती त्यांच्या धडपडीमुळे. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि कारखान्यातल्या बायकांकडून दिवसाला अकरा तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही असं ठरलं. अकरा तास! आज ऐकायला जास्त वाटतात. पण बैठकीत आम्ही आपापले तास बोटांवर मोजले. पहाटे पाचला चूल किंवा गॅस पेटतो, रात्री दहाला ओटा पुसून होतो. मधे रोजगार, गुरं, पाणी, पोरं. एकीचेही अकरात बसेनात. आणि रविवार? रविवारी तर पाहुणे!

आता महाराष्ट्र दिन. १९५६ साली मराठी आणि गुजराती मुलूख मिळून एकच मोठं मुंबई राज्य केलं होतं. मराठी माणसाला मुंबईसह आपलं राज्य हवं होतं. त्यासाठी मोर्चे निघाले, शाहिरांनी गावोगाव डफ वाजवला, शंभरावर माणसांनी जीव दिला. मुंबईचा हुतात्मा चौक त्यांच्याच आठवणीचा. अहिल्याबाई रांगणेकरांसारख्या बायकाही या लढ्यात रस्त्यावर उतरल्या होत्या. शेवटी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली. म्हणजे आपला वाढदिवस तोच गुजरातचाही! पुढे जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे १ मे १९८१ रोजी झाले, हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी.

आपल्या स्वयंपाकघराशीही ही तारीख जोडलेली आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावावर गॅस जोडणी. टाकी भरून आणायला पैसे लागतात, म्हणून चूल काही पुरती विझलेली नाही. तरी त्या पुस्तकावर नाव बाईचं आहे, हेही थोडं नाही.

नावावरूनच शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. १ मे २०२४ किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदावर असं लिहायचं आहे: आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

आमच्या गटातल्या एका ताईला नात झाली. नोंदीचा कागद भरताना घरात प्रश्न आला, आईचं नाव कुठलं लिहायचं? माहेरचं एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, आधार कार्डावर माहेरचंच राहिलेलं. घरातले म्हणाले, “काहीही लिहा, काय फरक पडतो?” पडतो, मैत्रिणींनो. पुढे शाळा, दाखले, बँक, सगळीकडे तेच नाव जुळवून बघतात. सूनबाई पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली, “माझं नाव आहे, मला विचारून लिहा.” मग तिच्या आधारवर आहे तेच लिहिलं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. बाळाची जन्मनोंद २१ दिवसांच्या आत करा. बाळाचं नाव तेव्हा ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं. आईचं नाव तिच्या स्वतःच्या कागदपत्रांवर आहे तसंच, त्याच काना-मात्रेसह लिहा. आधीच्या कागदांत दोन नावं असतील तर ती बाळंतपणाच्या आधीच दुरुस्त करून घ्या. आणि सही करण्याआधी कागद स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर गटातल्या कुणाकडून वाचून घ्या.

एक मेला गावात ग्रामसभाही असते. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. ती आपल्या गावात होते का, कागदावरच होते, हे विचारायचा हक्क आपला आहे. आम्ही यंदा ठरवलंय, झेंडावंदन झालं की पोरांच्या हातात पेढा द्यायचा आणि सगळ्याजणींनी मिळून ग्रामसभेला जायचं. जाऊन नुसतं मागे बसायचं नाही. पाण्याचा, अंगणवाडीचा, दारूचा, जो प्रश्न असेल तो मांडायचा आणि ठराव वहीत लिहिला की नाही ते बघूनच उठायचं.

त्या दिवशी भाकरी जरा उशिरा होईल. होऊ दे. कामगार दिन आपलाही आहे.