सोमशर्म्याच्या बापाची लाथ

सोमशर्मा कधी जन्मलाच नाही, तरी त्याचे नाव शतकानुशतके टिकून आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात त्याचा बाप भिक्षेतून उरलेल्या सातूच्या पिठाचे मडके खुंटीला टांगतो आणि खाली खाट टाकून पडतो. दुष्काळ पडला की पिठाची शंभर नाणी येतील. त्यांतून दोन शेळ्या, मग गाई, म्हशी, घोड्या, सोने, चौसोपी वाडा, कुणा ब्राह्मणाची रूपवान मुलगी, आणि तिच्या पोटी सोमशर्मा. रांगता सोमशर्मा घोड्यांच्या खुरांजवळ जातो. बाप ओरडतो, 'पोराला उचल!' घरकामात गुंतलेल्या बायकोला ते ऐकू जात नाही. तो उठून तिला लाथ घालतो. लाथ बसते मडक्याला आणि बाप पिठाने पांढराफटक होतो.

'हितोपदेशा'तला देवशर्मा तर कुंभाराच्या मांडवात निजलेला. हाताशी पिठाचे भांडे, राखणीला काठी. कवड्यांपासून लाखांपर्यंत मजल मारून तो चार लग्ने करतो, सवती भांडू लागतात, आणि त्यांना बडवायला तो काठी फेकतो. पिठाचे भांडे फुटतेच, शिवाय कुंभाराची कितीतरी मडकी फुटतात. कुंभार त्याला मानेला धरून बाहेर काढतो. १८१५ साली वैजनाथशर्म्यांचा मराठी 'हितोपदेश' श्रीरामपूरला छापला गेला, पण आपल्याकडे ही गोष्ट त्याविनाही जिवंत होती: 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.' तुरी अजून बाजारातच आहेत, मार मात्र घरात सुरू झाला.

म्हणजे जुन्या कथेत मडके फुटते ते बाईवर उगारलेल्या हातापायाने. नुसते स्वप्न पाहणाऱ्याचे पीठ खुंटीला सुखरूप राहिले असते.

हा तपशील प्रवासात गळाला. सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्याने पंचतंत्र पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणले. तिथल्या साधूजवळ तूप आणि मध आहे. काठी तो न जन्मलेल्या मुलाला वळण लावण्यासाठी उगारतो. १३३५च्या सुमारास स्पेनमधल्या 'कोंदे लुकानोर' या कथासंग्रहात मडके एका बाईच्या डोक्यावर आले. ती हसत कपाळावर हात मारते आणि मध सांडतो. १६७८ साली फ्रेंच कवी ला फोंतेनची दूधवाली पेरेत आनंदाने उडी मारते आणि दूध जाते. भाषापंडित मॅक्स म्युलरने १८७०मध्ये हा सगळा मार्ग उलगडून दाखवला. मला त्यातला एकच बदल अस्वस्थ करतो. बायकोला मारणाऱ्या पुरुषाला झालेली शिक्षा फिरत फिरत हरखलेल्या मुलीच्या वाट्याला आली. पुढे हीच दूधवाली मुलगी इंग्रजी वाचनमालांतून आपल्या मुलांना भेटली.

मुलांना गोष्ट आधी चित्रांतून भेटते, म्हणून चित्रांचा प्रश्न इथेच येतो; आणि कुणालाही नव्याने रचता येतील अशी चित्रपुस्तके तिथून निघतात, म्हणून बंगळुरू. दक्षिणेला पंचतंत्र नवे नव्हे. अकराव्या शतकात चालुक्यांच्या दरबारातल्या दुर्गसिंहाने ते कन्नडमध्ये आणले होते. मुलांच्या 'चांदमामा' मासिकाची मुखपृष्ठे रंगवणारे एम. टी. व्ही. आचार्य पुढे बंगळुरूतून टपालाने चित्रकला शिकवत. याच शहरात २००४ साली प्रथम बुक्स ही ना-नफा प्रकाशनसंस्था उभी राहिली. २०१५मध्ये संस्थेने 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुरू केले. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून कुणीही त्या मराठीत आणू शकतो, बदलू शकतो, चित्रे घेऊन नवी गोष्ट रचू शकतो.

सुरुवातीच्या पातळीवरच्या पुस्तकांत पानावर एखाददुसरेच वाक्य असते. बाकीचे चित्राने सांगायचे. शेळ्या, वाडा, घोडे काढणे सोपे आणि रंगायलाही छान. अवघड आहे ते शेवटचे पान. बहुतेक चित्रकार तिथे पिठाने माखलेला वेंधळा चेहरा काढतात आणि मुले हसतात. तो पाय कुणावर उचलला होता, हे त्या चित्रात उरतच नाही. मुलांपासून मारहाण लपवावी, हा विचार मला समजतो. पण घरात काय चालते ते मुलांना ठाऊक असते, आणि मारणाऱ्याचेच नुकसान होणाऱ्या गोष्टी त्यांच्या वाट्याला फार थोड्या येतात. म्हणून मराठीत कुणी ही गोष्ट नव्याने रंगवणार असेल, तर शेवटच्या पानावर कामात गढलेली ती बायको हवी. ती स्वप्नातली असल्याने तिला लाथ लागत नाही; चित्रकाराने तिला हसतानाही दाखवायला हरकत नाही.